गन्स अँड रोझेसचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: गिटार शिकायला लागल्यापासून तुम्ही गन्स अँड रोझेसचा २००४ सालचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ रोज ऐकताय. तुमचे सर मात्र म्हणतात, हा बँड त्या अल्बममध्ये सापडणार नाही, ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हा त्यांचा पहिला अल्बम ऐक. शिवाय ‘वेलकम टू द जंगल’ दोन्हीकडे एकच असूनही तुमच्या कानाला ते वेगळं लागतं, आणि तो भास आहे की खरं, हे तुम्हाला कळत नाहीये.

मी मास्टरिंगचं, म्हणजे तयार गाण्यांच्या आवाजावर अल्बम निघण्याआधी शेवटचा हात फिरवण्याचं काम करतो. जुन्या गाण्यांची संकलनंही बरीच माझ्या हाताखालून गेली आहेत, म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या बाजूनं देतो. सरांचं म्हणणं मला पटतं. तुमचा कानही बहुधा बरोबरच सांगतोय. पण हा संकलन-अल्बम टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. त्यात एक गोष्ट अशी ऐकू येते, जी बँडच्या कुठल्याही एका मूळ अल्बममध्ये इतकी स्पष्ट ऐकू येत नाही. तिच्याकडे पुढे येतो.

आधी हा अल्बम कसा निघाला ते पाहू. १९९३ नंतर बँडनं एकही नवा स्टुडिओ अल्बम काढला नव्हता. गिटारवादक स्लॅश १९९६ मध्ये बाहेर पडला होता, बेसवादक डफ मॅकेगन त्यानंतर लवकरच. अ‍ॅक्सल रोझ हा गायक नव्या वादकांना घेऊन ‘चायनीज डेमोक्रसी’वर वर्षानुवर्षं काम करत होता आणि पैसा गेफेन या रेकॉर्ड कंपनीचा जात होता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापून आलं की खर्च १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात गेला आहे. नवा अल्बम येत नाही म्हटल्यावर कंपनीनं हातात होतं ते बाजारात आणलं. मूळ रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे असतात, त्यामुळे बँडच्या संमतीविना असं संकलन काढता येतं. अ‍ॅक्सल, स्लॅश आणि डफ तेव्हा एकमेकांशी बोलतही नव्हते, तरी हा अल्बम थांबवायला तिघंही कोर्टात गेले. निवड करताना आम्हाला विचारलं नाही, हा त्यांचा आक्षेप होता. कोर्टात त्यांचं काही चाललं नाही. मार्च २००४ मध्ये अल्बम आला, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला आणि अमेरिकेत तिसऱ्या. ‘चायनीज डेमोक्रसी’ निघायला नोव्हेंबर २००८ उजाडला.

म्हणजे तुम्ही रोज ऐकताय तो गाण्यांचा क्रम बँडमधल्या कुणीही लावलेला नाही. हे ध्यानात ठेवलं की निवडीतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

अल्बममध्ये १४ गाणी आहेत. त्यांच्या वेळांची बेरीज करून बघा, ७९ मिनिटांच्या थोडी वर जाते. सीडीवर साधारण ८० मिनिटं मावतात. म्हणजे डबा काठोकाठ भरलाय, आणि आत घेतलेल्या प्रत्येक गाण्यानं दुसऱ्या एखाद्या गाण्याची जागा घेतली आहे. या १४ पैकी ‘अ‍ॅपेटाइट’मधली फक्त तीन: ‘वेलकम टू द जंगल’, ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ आणि ‘पॅराडाइज सिटी’. ‘लाइज’मधलं एक, ‘पेशन्स’. ‘यूज युवर इल्युजन’च्या दोन भागांतून मिळून सात. ‘द स्पगेटी इन्सिडेंट’मधली दोन. आणि शेवटी चित्रपटासाठी केलेलं ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’. ज्या अल्बमनं एकट्या अमेरिकेत १ कोटी ८० लाखांचा प्रमाणित खप गाठला, त्याच्या वाट्याला तीन जागा!

त्यातही मला सर्वात जास्त बोचतं ते असं. ‘अ‍ॅपेटाइट’च्या मूळ एलपीच्या बाजूंना ए आणि बी अशी नावं नाहीत, जी आणि आर आहेत, गन्स आणि रोझेसची आद्याक्षरं. जी बाजू ‘जंगल’नं सुरू होते आणि ‘पॅराडाइज सिटी’नं संपते. मध्ये चार गाणी आहेत: ‘इट्स सो ईझी’, ‘नाइटट्रेन’, ‘आउट टा गेट मी’ आणि ‘मिस्टर ब्राउनस्टोन’. संकलनानं दोन्ही टोकं उचलली आणि मधला अख्खा भाग सोडून दिला. लॉस एंजेलिसमध्ये पोचलेला नवखा पोरगा पहिल्या गाण्यात शहराला भिडतो, पुढच्या चार गाण्यांत दारू, पोलीस आणि हेरॉइन यांच्यात रुतत जातो, आणि मग ‘पॅराडाइज सिटी’मध्ये घरी न्या म्हणून ओरडतो. मधलं काढलं की ते शेवटचं ओरडणं नुसतं स्टेडियममध्ये हात वर करून म्हणायचं धृपद उरतं. संकलनात तर त्याच्या आधी ‘पेशन्स’ येतं, शीळ आणि तीन अकूस्टिक गिटारींचं निवांत गाणं.

याउलट १४ पैकी पाच गाणी दुसऱ्यांची आहेत. ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’ बॉब डिलनचं, ‘लिव्ह अँड लेट डाय’ मॅकार्टनी दांपत्याचं, ‘एन्ट इट फन’ डेड बॉइजचं, ‘सिन्स आय डोन्ट हॅव यू’ स्कायलायनर्सचं आणि ‘सिंपथी’ रोलिंग स्टोन्सचं. हे का, याचं उत्तर ब्रिटनच्या तक्त्यांत मिळतं. दुसऱ्यांची ही पाचही गाणी तिथे पहिल्या दहात गेली होती. ‘नाइटट्रेन’ मात्र अमेरिकेत ९३व्या क्रमांकाच्या वर सरकलं नाही. हिशेबवहीच्या अंगानं पाहिलं तर निवड चोख आहे. हिट झालेली गाणी द्यायचं वचन वेष्टनावरच छापलंय आणि ते पाळलंय. पण बँडचा कणा आणि बँडची हिट गाणी या दोन वेगळ्या याद्या आहेत. बहुतेक बँडांच्या बाबतीत त्या बऱ्यापैकी जुळतात, गन्स अँड रोझेसच्या बाबतीत फार कमी जुळतात. ‘एन्ट इट फन’ पाच मिनिटांचं आहे आणि ‘नाइटट्रेन’ साडेचार. ही एक अदलाबदल झाली असती तरी मी समाधानी झालो असतो.

डबा केवढा आहे यावर आतला माल कसा ठरतो, याचं याहून जुनं उदाहरण एरोस्मिथचं आहे. त्यांचा १९८० चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ एकाच एलपीवर दहा गाणी घेऊन आला, आणि त्यासाठी काही गाण्यांच्या कापलेल्या, सिंगलसाठी छोट्या केलेल्या आवृत्त्या वापरल्या. ‘स्वीट इमोशन’ तिथे मूळच्या जवळजवळ दोन तृतीयांश उरतं. एलपीच्या एका बाजूवर जितकी जास्त मिनिटं, तितकी खाच अरुंद आणि आवाजाची पातळी खाली. म्हणून एक बाजू वीसेक मिनिटांच्या आत ठेवायची धडपड असते. त्या अल्बमचा अमेरिकेतला खप एक कोटीच्या वर गेला. परिणामी अनेकांच्या डोक्यात कापलेलं गाणंच मूळ म्हणून बसलं. गन्स अँड रोझेसच्या संकलनात तो दोष नाही. ‘नोव्हेंबर रेन’ पूर्ण नऊ मिनिटांचं आहे, ‘स्वीट चाइल्ड’चा शेवटचा लांब भागही शाबूत आहे. गिटार शिकणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे, कारण ‘स्वीट चाइल्ड’चा खरा सोलो समजायला त्याची आधीची सगळी बांधणी हवी.

आणि एसी/डीसीसारखे लोक आहेत, ज्यांनी ‘ग्रेटेस्ट हिट्स’ नावाचा अल्बम कधी काढलाच नाही. १९८६ चा ‘हू मेड हू’ चित्रपटाचा साउंडट्रॅक म्हणून आला आणि ते काम बरंचसं करून गेला, एवढंच. सुटी गाणी विकली जाऊ नयेत म्हणून ते २०१२ पर्यंत आयट्यून्सवरही नव्हते. मला त्यांचा हट्ट आवडतो.

आता तुमच्या कानाकडे.

संकलन मास्टर करताना समोर येतात ती वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या माणसांनी मिक्स केलेली, म्हणजे वाद्यांचे आणि गायकाचे सुटे आवाज एकत्र जमवलेली गाणी. ‘अ‍ॅपेटाइट’ माइक क्लिंकनं रेकॉर्ड केला, मिक्स न्यूयॉर्कच्या मीडियासाउंड स्टुडिओत स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बियेरो यांनी केला. ऑटोमेशन नसलेल्या कन्सोलवर, आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या (फेडर) हातानं हलवत. ‘यूज युवर इल्युजन’चं मिक्स आधी बॉब क्लियरमाउंटनकडे होतं, ते बँडला पसंत पडलं नाही. मग बिल प्राइस आला, ज्यानं सेक्स पिस्टल्सच्या १९७७ च्या अल्बमवर काम केलं होतं. ‘अ‍ॅपेटाइट’मध्ये गिटारी कानाला खेटून आहेत, खोली लहान आणि कोरडी. ‘इल्युजन’मध्ये ड्रम मोठ्या दालनातले वाटतात, कोरस आहे, पियानो आहे, अ‍ॅक्सलनं सिंथेसायझरवर रचलेली तंतुवाद्यं आहेत.

अशी गाणी शेजारी ठेवली की एकातून दुसऱ्यात जाताना ऐकणाऱ्याचा हात व्हॉल्यूमकडे जातो. तो जाऊ नये हे माझ्यासारख्याचं काम. त्यासाठी काही जण मीटरकडे बघतात, मी गायकाचा आवाज धरतो. सगळ्या गाण्यांत गायक साधारण एकाच अंतरावर उभा आहे असं वाटलं की बाकीचं आपोआप सुसह्य होतं. मग खालचा सूर जुळवायचा, एखाद्या गाण्याचा चरचरीत भाग थोडा उतरवायचा, दोन गाण्यांमधली शांतता कानानं मोजायची. हे नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण प्रत्येक गाणं आपल्या मूळ जागेपासून थोडं सरकतंच. भावगीतांच्या संकलनांवरही मला हेच करावं लागतं: साठच्या दशकातली टेप आणि ऐंशीच्या दशकातली टेप एकाच घरात नांदवायची, तर दोघींनाही थोडी मुरड घालावी लागते.

त्यात २००४ हा काळ. तेव्हा सीडी जितकी मोठ्यांदा वाजेल तितकी चांगली, असा उद्योगभर दबाव होता. हे लिमिटरनं साधतं. ठरवलेल्या पातळीवर जाणारा प्रत्येक ठोका लिमिटर दाबतो, आणि शेंडे दबले की बाकी सगळं वर उचलता येतं. गाणं पहिल्या दहा सेकंदांत दणदणीत वाटतं. किंमत मोजतो तो स्नेअर ड्रम. त्याच्या ठोक्याचा पहिला टोकदार क्षण बोथट होतो आणि गिटारी व ड्रम यांच्यामधली हवा निघून जाते. हा वाद शिगेला पोचला तो सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिकाच्या ‘डेथ मॅग्नेटिक’मुळे, इतकं चेपलेलं मास्टर श्रोत्यांनीही सहन केलं नाही. आणि दोनच महिन्यांनी आलेल्या ‘चायनीज डेमोक्रसी’साठी मास्टरिंग करणाऱ्या बॉब लडविगनं वेगवेगळ्या प्रमाणात दाबलेल्या तीन आवृत्त्या पुढे ठेवल्या, तेव्हा अ‍ॅक्सलच्या बाजूनं सर्वात कमी दाबलेली निवडली गेली. त्या अल्बमबद्दल मत काहीही असो, हा निर्णय मला मोलाचा वाटतो.

तुम्हाला स्वतः पडताळायचं असेल तर असं करा. ‘जंगल’ची ‘अ‍ॅपेटाइट’च्या जुन्या सीडीवरची फाइल आणि ‘ग्रेटेस्ट हिट्स’मधली फाइल ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. दोन्हींवर लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून उणे १८ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा लागतो, ते मोजायचं एकक) ठेवा. आकडा मुद्दाम खालचा सांगतोय, कारण कमी दाबलेल्या फाइलचे शेंडे उंच असतात आणि जास्त वर नेली तर तेच कापले जातील. मग आळीपाळीनं ऐका, आणि ऐकताना फक्त स्नेअर आणि क्रॅश झांजा धरा. पातळी सारखी केल्याशिवाय तुलना करू नका. माणसाच्या कानाला जे किंचित मोठं, तेच चांगलं वाटतं, माझ्याही.

स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर आणखी दोन गोष्टी. ‘अ‍ॅपेटाइट’ची २०१८ मध्ये नव्यानं मास्टर केलेली आवृत्तीही आहे, तेव्हा आपण कुठली लावलीये ते नावात बघून घ्या. आणि अल्बम सलग लावा, शफलवर नको. स्पॉटिफायसारखी सेवा अल्बम सलग लावला की गाण्यांमधला मूळ चढउतार राखते. शफलवर मात्र प्रत्येक गाणं वेगवेगळं एका पातळीला आणते, आणि मग ‘पेशन्स’सारखं हळुवार गाणं ‘जंगल’इतकं मोठं होऊन बसतं.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा संकलन-अल्बम मी विद्यार्थ्यांना मुद्दाम ऐकवतो. पाचवं, सहावं आणि सातवं गाणं सलग लावा: ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’, ‘सिव्हिल वॉर’, ‘यू कुड बी माइन’. गिटारीकडे लक्ष देऊ नका. फक्त ड्रम.

पाचव्यात मॅट सोरम आहे. सहाव्यात स्टीव्हन अ‍ॅडलर. सातव्यात पुन्हा सोरम. अ‍ॅडलर पहिल्यापासूनचा ड्रमर, १९९० मध्ये नशेमुळे त्याला काढलं आणि द कल्टमधून सोरमला आणलं. दोन्ही ‘इल्युजन’ मिळून ३० गाणी आहेत आणि त्यात अ‍ॅडलरचं एकच, ‘सिव्हिल वॉर’, कारण ते आधीच, रुमानियातल्या मुलांच्या मदतीसाठी निघालेल्या १९९० च्या अल्बमकरता रेकॉर्ड झालं होतं. सोरम ताकदवान आहे, अचूक आहे, त्याचा ठोका जिथे पडायला हवा तिथेच पडतो. ‘यू कुड बी माइन’ची सुरुवात दुसऱ्या कुणाला इतकी जमली नसती. अ‍ॅडलरचा ठोका मात्र झुलतो. तो हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी) थोडी उघडी ठेवतो, गाणं किंचित पुढे झुकतं आणि इझी स्ट्रॅडलिनची रिदम गिटार त्या झोक्यात बसते. ‘पॅराडाइज सिटी’ शेवटी दुप्पट वेगात जातं तेव्हा सगळं आता कोसळेल असं वाटतं आणि कोसळत नाही. त्या भीतीतच या बँडची जादू होती. ‘इल्युजन’मध्ये बँड भव्य झाला, पण ती भीती गेली. मूळ अल्बमांमध्ये हा बदल ऐकायला एक ठेवून दुसरा लावावा लागतो. इथे तो सलग तीन गाण्यांत, एकाच मास्टरिंगमध्ये, दोनदा ऐकू येतो.

शेवटचं ‘सिंपथी फॉर द डेव्हिल’सुद्धा याच कानानं ऐका. स्लॅशच्या सोलोला उत्तर देणारी दुसरी गिटार त्याला न सांगता नंतर चढवली गेली होती. बँड फुटताना कसा आवाज येतो ते ऐकायचं असेल तर हे गाणं ऐका, अशा अर्थाचं तो पुढे बोलला आहे. ‘जंगल’मध्ये दोन गिटारी एकमेकींची वाट अडवत, एकमेकींना चिमटे काढत चालतात. इथे त्या एकमेकींना ओळखतही नाहीत. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत हा अल्बम एका बँडचं विस्कटणं ऐकवतो. ते कुणी ठरवून केलं नव्हतं, गाणी साधारण काळाच्या क्रमानं लावली आणि आपोआप घडलं.

मुंबईत हा बँड दोनदा ऐकायला मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये आला तेव्हा त्यात स्लॅश आणि डफ नव्हते. मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर दोघंही होते. तीच गाणी वेगवेगळ्या हातांत कशी बदलतात, हे दोन्ही वेळा गेलेल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

तर मग करायचं काय. संकलन फेकून देऊ नका, पण रोजची जागा महिनाभर ‘अ‍ॅपेटाइट’ला द्या. जी बाजूची सहा गाणी क्रमानं, मध्ये न थांबता. नंतर आर बाजू, ‘रॉकेट क्वीन’पर्यंत. मग ‘एस्ट्रेंज्ड’ ऐका, ‘इल्युजन’च्या दुसऱ्या भागातलं. ‘नोव्हेंबर रेन’ आवडत असेल तर ते न ऐकणं हा स्वतःवर अन्याय आहे, आणि संकलनात ते नाही. एलपी घ्यायचा विचार असेल तर ‘ग्रेटेस्ट हिट्स’ २०२० मध्ये दोन तबकड्यांवर आलाय, त्यात ‘शॅडो ऑफ युवर लव्ह’ जास्तीचं आहे. तुमच्या जागी मी त्या पैशांत आधी ‘अ‍ॅपेटाइट’ घेईन.

गिटारीबद्दल एवढंच सांगतो. या बँडचं जवळजवळ सगळं अर्धा सूर खाली लावलेलं आहे, सहाही तारा. रेकॉर्डबरोबर वाजवताना काहीतरी बेसूर लागतंय असं वाटत असेल तर बोटांना दोष देण्याआधी ट्यूनिंग बघा. आणि ‘स्वीट चाइल्ड’ची सुरुवात घासत बसण्याआधी ‘मिस्टर ब्राउनस्टोन’ आणि ‘नाइटट्रेन’ यांची रिदम बसवा. हेडफोन लावा, दोन गिटारी दोन बाजूंना आहेत, कमी नाचणारी, ठोक्याला चिकटून चालणारी बाजू इझीची. ती अ‍ॅडलरबरोबर पूर्ण गाणंभर न घसरता वाजवता आली, की मग सोलो घ्या.